अल ऐनहून ओल्या समुद्राकडे

चूक माझी होती आणि ती मी शाईने केली होती.

इथल्या बहुतेक मराठी घरांत भिंतीवर आपल्याकडची दिनदर्शिका लटकत असते. तिच्यात रमजान ईद छापलेली असते, पण ती भारतातली. अमिरातीतली ईद सहसा एक दिवस आधी येते, म्हणून छापलेल्या तारखेतून एक दिवस वजा करायचा, असा आमच्या हॉस्पिटलातल्या मराठी नर्सेसचा नियम आहे. यंदा छापलेली ईद गुरुवारी होती. मी एक वजा केला, बुधवार आला, आणि यादीच्या डोक्यावर ‘बुधवार पहाटे निघणे’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. मंगळवारी संध्याकाळी अख्ख्या देशाने आकाशाकडे पाहिलं. चंद्र दिसला नाही. बुधवारी रमजानचा तिसावा रोजा पडला.

एरवी याने काही बिघडलं नसतं. पण आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी मैत्रीण नलिनी, सायकलवरून अल ऐनहून पूर्वेच्या समुद्राला, कल्ब्याला जाणार होतो. तीन दिवस, साधारण दीडशे किलोमीटर, आणि होता होईल तो डांबरी रस्ता टाळून. पहिला दिवस गाफच्या रानातून, दुसरा पांढऱ्या टेकड्यांमधून, तिसरा डोंगरातल्या वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून. सगळीकडे खडी. पाणी, तंबू, स्टोव्ह, तांदूळ आणि जादा ट्यूब घेऊन दत्ताराम पिकअपने मागून येणार होता. दत्ताराम राजापूरकडचा, दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. आमच्या दोन्ही जुन्या गिअरच्या सायकली त्यानेच नीट केलेल्या. मंगळवारी रात्री आठ वाजता त्याचा फोन आला. चंद्र नाही तर सुट्टी नाही, आणि फोरमनला विचारलं तर तो वर बोट दाखवतो, असं त्याने सांगितलं. गुरुवारी नक्की येतो म्हणाला.

पुढे ढकलणं शक्य नव्हतं, आणि त्याचं कारण नलिनी.

ती चौदा वर्षांपूर्वी इथे आली, माझ्या आधी एक वर्ष. सगळी चौदा वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. नवरा आणि दोन मुलगे कराडजवळच्या गावात, ही इथे क्वार्टर्समध्ये एकटी. मुलांची शिक्षणं झाली, थोरल्याचं लग्न झालं, आणि गेल्या महिन्यात तिने राजीनामा दिला. व्हिसा रद्द झाला होता, सामान कार्गोने गेलं होतं, आणि शनिवारी संध्याकाळी दुबईहून तिचं विमान होतं. याला इथे फायनल एक्झिट म्हणतात आणि तो शब्द सगळे जरा हळू आवाजात उच्चारतात.

तिच्या गावात मुलींनी सायकलला हात लावायचा नसे. भाऊ सायकलवर शाळेत जायचे, ही मागून चालत. तिच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी तिला क्वार्टर्सच्या पार्किंगमध्ये सायकल शिकवली. पहिल्याच संध्याकाळी ती उभ्या ॲम्ब्युलन्सवर आपटली आणि आतल्या ड्रायव्हरने खाली उतरून तिला विचारलं की पेशंट कुठे आहे. आठवड्याने मागून धरलेले माझे हात सुटले, तेव्हा ती म्हणाली की तिला स्वतःच्या पायांनी समुद्राला जायचंय. यंदापर्यंत चौदा वर्षं आखातात राहूनही समुद्र तिने फक्त गाडीच्या काचेतून पाहिला होता, तोही एअरपोर्टला जाता येता. त्यानंतर दर हिवाळ्यात मी यादी केली आणि दर हिवाळ्यात काहीतरी आडवं आलं: तिची ड्यूटी, माझ्या मुलीची परीक्षा, माझ्या गुडघ्याची सूज. मला पुढचा हिवाळा होता. तिला नव्हता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत समुद्र, नाहीतर कधीच नाही.

“पिकअप गुरुवारी येईना का,” नलिनी म्हणाली. “आपण बुधवारी निघू. तुझी यादी कात्रीने काप.”

यादीत त्रेचाळीस वस्तू होत्या. मी त्या चौदावर आणल्या. पाणी, थालीपीठं, पंक्चरचा डबा, पाने, बँडेज, टॉर्च वगैरे राहिलं. स्टोव्ह, तांदूळ, तंबू, सतरंज्या आणि माझी लोणच्याची बरणी गेली; ते सगळं आधीच दत्तारामकडे पोचलं होतं. मुलगी कॉलेजच्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “आई, आर यू सिरियस?” नवऱ्याने खाली जाऊन चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. ती त्याची संमती.

बुधवार: गाफच्या रानात

पहाटे साडेपाचला शहराच्या उत्तरेला डांबर संपलं आणि चाकांखाली खडी कुरकुरायला लागली. तो आवाज मला फार आवडतो. कोणीतरी सतत शेव खातंय असं वाटतं. थंडी होती, मोजे सलवारीवर ओढले होते, आणि नलिनी माझ्या पुढे शंभर हातांवर कारण नसताना घंटी वाजवत चालली होती. त्या रस्त्यावर ऐकायला फक्त एक कोल्हा होता, तोही लगेच निघून गेला.

गाफ म्हणजे आपली शमीच, तेच झाड. दसऱ्याला आपण ज्याची पूजा करतो ते इथे वाळूत रानच्या रान उभं आहे. काही झाडं इतकी जुनी की दोघींनी हात पसरले तरी बुंधा कवेत येत नव्हता. सगळी झाडं खालच्या अंगाला कात्रीने सरळ रेषेत छाटल्यासारखी दिसतात. ही कात्री उंटाची. त्याची मान पोचते तिथवरचा पाला तो खातो आणि वर हिरवी छत्री शिल्लक ठेवतो. आम्ही त्या छत्र्यांखालून वाट काढत होतो. मऊ वाळू आली की उतरून ढकलायचं, खडी आली की बसायचं. नलिनीने मोजलं, पहिल्या तासात सतरा वेळा उतरलो. मी म्हटलं, यादी करायचं काम माझं आहे.

नऊ वाजता भूक लागली आणि माझ्या चुकीची किंमत कळली. रोज्याच्या दिवशी उघड्यावर खाणंपिणं इथे चालत नाही, कायद्यानेही आणि रीतीनेही. रान मोकळं दिसत असलं तरी वाटेने पिकअप जातात, उंटवाले येतात. मी सगळ्यात जाड बुंधा शोधला, त्याच्या मागे सायकली आडव्या केल्या आणि आम्ही उकिडव्या बसलो. दोन घास झाले असतील, तोच बुंध्याच्या पलीकडून एक म्हातारा अरब आला, हातात काठी, मागे तीन उंट. मला काय सुचलं कोण जाणे, मी थालीपीठं झाडाच्या ढोलीत सारली. शमीच्या ढोलीत शस्त्रं लपवल्याची गोष्ट आपण दसऱ्याला ऐकत आलो. शस्त्रांना तिळाचा आणि कांद्याचा वास येत नसावा. उंटाला तो लगेच आला.

उंटाने ढोलीत तोंड घातलं आणि एक थालीपीठ बाहेर काढून चघळायला सुरुवात केली. नलिनीला हसू फुटलं. तिचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे ते हसू नाकातून आलं, आणि ती खोकत खोकत झाडाला टेकली. मी हिंदीत माफी मागायला लागले. जुने लोक इथे हिंदी बऱ्यापैकी बोलतात. म्हाताऱ्याने सायकली पाहिल्या, मग कुठून कुठे ते विचारलं. मी सांगितलं.

“मुसाफिर को माफ है,” तो म्हणाला. “खाओ.”

आणि त्याने काय करावं? आमच्याकडे पाठ केली, वाटेकडे तोंड करून काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. आमचं खाऊन, पाणी पिऊन, हात पुसून होईपर्यंत तो तसाच भिंतीसारखा उभा होता, स्वतः पहाटेपासून उपाशी. उंट मात्र आमच्याच पंगतीला होता.

त्याचं नाव अबू सईद. शेत तुमच्या वाटेवरच, रानाच्या पलीकडच्या टोकाला आहे, रोजा सोडायला या, बायकांमध्ये मुक्काम करा, असा त्याने आग्रह धरला. यादीप्रमाणे मुक्काम आणखी अठरा किलोमीटर पुढे होता. पण तंबू होता दत्तारामच्या पिकअपमध्ये आणि पिकअप होती दुबईत. दुपारभर वाळू ढकलून आमच्या पायांचा भुगा झाला होताच. शेताच्या दारात आम्ही चार वाजता पोचलो.

आत बायकांची गर्दी होती. सासू, सुना, लेकी आणि मोजता येणार नाहीत इतकी मुलं. आम्ही धुळीने इतक्या माखलो होतो की एका सुनेने आधी आमच्यावर पाण्याची बादली आणि मग टॉवेल फेकला. नलिनी तोंड पुसता पुसता एका रडणाऱ्या पोराला यल्ला, यल्ला, चल चल, म्हणून उगी करायला लागली आणि ती सून एकदम ताठ उभी राहिली. तिने सासूला हाक मारली, सासूने दुसऱ्या सुनेला. तिघींनी मिळून नलिनीला उजेडात नेऊन तिचं तोंड निरखलं. मग तो सगळा बायकांचा घोळका तिच्या गळ्यात पडला. वॉर्डात मास्क लावलेला असतो, त्यामुळे चेहरा कोणालाच ठाऊक नव्हता. आवाज ठाऊक होता. त्या घरातली चार मुलं नलिनीच्या हातावर जन्मली होती. मोठ्या सुनेने मला सगळं करून दाखवलं, नलिनी कशी कमरेवर हात ठेवून यल्ला, यल्ला ओरडायची आणि कोणी फारच रडलं की कसं खलास, खलास, झालं झालं, म्हणून थोपटायची. नक्कल इतकी हुबेहूब होती की नलिनी लाजली. तेरा वर्षांत तिला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अजान झाली, खजूर आणि ताक पुढे आलं, मग हरीस. गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून घोटलेलं असतं. दिसायला थेट आपली गव्हाची खीर, म्हणून पहिला घास मी गोडाच्या तयारीने घेतला आणि जीभ गोंधळली. दुसऱ्या घासाला सरावली. लुगैमात म्हणजे काकवीतले गुलगुले. नलिनीने अकरा खाल्ले. हे मी लिहून ठेवलं आहे.

गुरुवार: पांढऱ्या टेकड्या

तीस रोजे पूर्ण झाल्यामुळे आज ईद नक्की होती, चंद्राला विचारायची गरज नव्हती. निघताना सासूबाईंनी धुपाटणं आणलं आणि आमच्या ओढण्या, केस आणि शेवटी हेल्मेटसुद्धा उदाच्या धुरावर धरली. पाहुण्याला वास लावून निरोप देतात. आपल्याकडे अत्तर मनगटाला लावतात, इथे माणूसच धुरी देऊन काढतात. त्यानंतर दिवसभर, घामाने आणि धुळीने आमची अवस्था काहीही झाली तरी, वास मात्र लग्नघरचा येत होता.

अठरा किलोमीटर मागे होतो. मी नवं वेळापत्रक मांडलं: दर तासाला दहा मिनिटं थांबायचं, फोटो चालता चालता काढायचे, पोरांचे मुके घेणं बंद. नलिनीने सगळ्याला मान डोलावली आणि पहिल्याच वळणावर शेळ्यांच्या कळपाशी थांबली. मी ओरडले. ती म्हणाली, “तू ऑपरेशन थिएटरच्या स्टोअरची सिस्टर, तुला सगळं मोजून लागतं. माझ्या वॉर्डात पोरं वेळापत्रक बघून येत नाहीत.”

पण वाट चांगली लागली. वाळू संपली, घट्ट बारीक खडी सुरू झाली आणि सायकली आपोआप पळायला लागल्या. दुपारी मदाम गावाच्या पलीकडे, सपाट तांबूस जमिनीवर, पांढऱ्या टेकड्या दिसल्या. शाळेतल्या खडूसारख्या पांढऱ्या. जवळ गेल्यावर वाटही पांढरी झाली, टायर पांढरे, मोजे पांढरे, भुवया पांढऱ्या. एका उतारावर मी ब्रेक दाबला, पुढचं चाक घसरलं आणि मी बसल्या बसल्या दहा-बारा हात खाली गेले. लागलं काही नाही. नलिनीने माझ्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाली, फळा पुसायचं डस्टर दिसतेस. मग स्वतः त्याच जागी, त्याच पद्धतीने खाली आली. आम्ही तिथेच बसून राहिलो. हसून हसून उठायला जोर नव्हता.

आणि बसलो होतो म्हणून दिसलं. दगडात शिंपले होते. एखाददुसरा नव्हे, खच होता. गोल, चपटे, शंखासारखे वळलेले, सगळे दगड झालेले. केव्हातरी, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, ही टेकडी समुद्राच्या तळाशी होती, असं मी कुठेतरी वाचलं होतं, ते सांगितलं. मला वाटलं हीच संधी आहे. पाय दुखत होते, उद्याचा डोंगर बाकी होता.

“म्हणजे झालं की,” मी म्हटलं. “समुद्रावर पोचलो. चल घरी.”

नलिनीने एक शिंपला नखाने खरवडला, कानाला लावला आणि खाली ठेवला.

“हा वाळलेला आहे,” ती म्हणाली. “मला ओला पाहिजे.”

तीन वाजता टेकडीच्या पायथ्याशी हॉर्न वाजला. दत्ताराम. नवा कोरा शर्ट, केसांना तेल, पिकअपच्या मागे आमचे एकोणतीस वगळलेले जिन्नस आणि पुढे मांडीवर फोरमनच्या घरचा शीरखुर्म्याचा डबा. फोरमन पेशावरचा आहे. ईदेच्या दिवशी जातोस कुठे म्हणून तो आधी रागावला, मग सगळी हकिगत कळल्यावर त्याने बायकोकडून डबा भरून घेतला, आणि म्हाताऱ्या बायांना सांभाळ असं बजावलं. दत्तारामने हा निरोप आम्हाला जसाच्या तसा दिला. नलिनी म्हणाली, म्हाताऱ्या कोण ते उद्या चढावर बघू.

त्या रात्री तंबू होता, भात होता, लोणचं होतं. मी यादीवर खुणा केल्या. मागे राहिलेल्या अठरांपैकी पंधरा भरून काढले होते.

शुक्रवार: वादी हेलो ते कल्बा

डोंगर सुरू झाला. हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. गवताची काडी नाही, भाजलेल्या विटेच्या आणि काजळीच्या रंगाचे, जणू आत्ताच कोणी भट्टीतून काढून ठेवलेत. वादी हेलो म्हणजे गोड दरी. नाव खोटं नाही. मध्येच पाच-पंचवीस खजुरांची हिरवी गल्ली लागते, दगडी पाटातून पाणी वाहतं, टेकाडावर एक पडका टेहळणी बुरूज, आणि पुन्हा खडी. इथली खडी लिंबाएवढी, काही ठिकाणी नारळाएवढी. दत्ताराम पिकअप घेऊन मागून रांगत होता आणि मधून मधून डोकं बाहेर काढून, ताई, गिअर हलका करा, हलका, असं सांगत होता. चढावर नलिनी स्वतःलाच यल्ला, यल्ला म्हणत होती. मी खलास, खलास म्हणत होते.

बाराच्या सुमाराला माथा आला. पूर्वेकडे डोंगरांच्या फटीत एक निळसर पट्टी दिसली. धुकं असेल असं मी म्हटलं. नलिनी पट्टीकडे बघत उभी राहिली आणि मग मला न सांगताच उतारावर सुटली.

तो उतार मी आयुष्यभर विसरणार नाही. चोपन्न वर्षांची बाई, ओढणी कमरेला बांधलेली, पाय पेडलवरून काढून दोन्हीकडे पसरलेले, आणि तोंडाने नुसता एक लांब आवाज. मी तिच्या मागे ब्रेक दाबत, देवाचं नाव घेत. माझ्या मागे दत्ताराम हॉर्न देत. आम्ही तिघांनी मिळून त्या दरीतल्या शेळ्यांची ईद पार विस्कटून टाकली.

दोन वाजता, कल्बा बारा किलोमीटरवर असताना, नलिनीचं मागचं चाक एका दगडाच्या खाचेत गेलं. ती उडून वाळूत पडली आणि उठूनही बसली. चाक उठलं नाही. त्याचा आठचा आकडा झाला होता. सात तारा तुटल्या होत्या, आस वाकला होता.

दत्तारामने गाडीतून हातोडी, पाना, पक्कड सगळं काढलं. तासभर तो त्या चाकाशी झटला. दगडावर ठेवून ठोकलं, पायाखाली घालून वाकवलं. मी घड्याळ बघत होते. साडेपाचला सूर्य मावळतो, आणि आज परत अल ऐनला पोचायलाच हवं होतं. तिची शेवटची बॅग अजून उघडी होती. तीन वाजता दत्तारामने पक्कड खाली ठेवली.

“नाय ताई,” तो म्हणाला. “ह्याला नवीन चाकच लागेल. गाडीत बसा, अर्ध्या तासात समुद्रावर सोडतो.”

नलिनी वाळूत बसली होती. तिने पायातला बूट काढला, त्यातली खडी झटकली, पुन्हा घातला. मग तोच बूट परत काढला. हसणं थांबलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मी माझी सायकल तिच्यापुढे उभी केली. सीट खाली घ्यायला पाना हातात घेतला, ती माझ्यापेक्षा बुटकी आहे. तू जा, मी गाडीतून येते, असं सांगितलं.

“आणि तू?” तिने विचारलं. “तूही तीन दिवस तंगडतोड केलीस ना.”

“मी पुढच्या वर्षी परत येईन. मला व्हिसा आहे.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “म्हणजे मी कराडला गेल्यावर समुद्र आठवणार आणि त्यात तू नसणार? गाडीत बसलेली असणार? नको मला असला समुद्र.”

तिची नजर माझ्या सायकलच्या कॅरिअरवर गेली. ते दत्तारामनेच अल क्वोजमध्ये जाड सळई वाकवून वेल्ड केलेलं होतं.

“दत्ताराम, ह्यावर वजन किती जाईल?”

“सिमेंटची गोणी आरामात,” दत्ताराम म्हणाला.

“मग बस, गोणी,” नलिनी मला म्हणाली. “डबलसीट. मी मारते.”

कॉलेजात असताना सांगलीला मी कोणाकोणाच्या मागे डबलसीट बसले होते. तेव्हा माझं वजन निम्मं होतं आणि रस्ता डांबरी. इथे मी एका अंगाला पाय सोडून, नलिनीच्या कमरेला मिठी मारून बसले आणि दर दगडाला कॅरिअरची सळई मला आपली ओळख करून देत होती. पहिल्या शंभर हातांत आम्ही दोनदा पडलो. मग तिला तोल सापडला. खडी संपून डांबरी रस्ता लागला, तसा उतारही सौम्य झाला. ती पेडल मारत होती, धापा टाकत होती आणि मला सांगत होती की तिचे भाऊ असेच मित्रांना मागे बसवून न्यायचे आणि ती मागून पळायची. वाटेतल्या ईदेच्या गाड्या वेग कमी करून आमच्याकडे बघत होत्या. एका गाडीतून मुलांनी चॉकलेटं फेकली. एक माझ्या हेल्मेटवर आपटलं. दुसरं मी झेललं आणि पाठीमागून हात घालून नलिनीला भरवलं.

कल्ब्याच्या पहिल्या चौकात पोलिसाने हात केला.

पोरसवदा होता, इस्त्रीचा गणवेश, काळा चष्मा. त्याने आम्हाला दोनदा वरून खाली पाहिलं. एक बोट वर केलं, “वन सैकल,” मग तेच बोट पुन्हा वर केलं, “वन नफर.” एका सायकलवर एकच माणूस. मी उतरले. समुद्र सरळ रस्त्याच्या टोकाला दिसत होता, किलोमीटरभरावर.

नलिनीने मागे वळून पाहिलं. ती उतरायला लागली होती.

“पाय वर,” मी म्हटलं. “आता उतरलीस तर शनिवारी एअरपोर्टवर येणार नाही मी. मी येते चालत. तेही स्वतःच्याच पायांनी.”

ती गेली. पोलिसाने मला विचारलं, ही बाई एवढ्या घाईने कुठे निघाली. मी हातवारे करत, हिंदी आणि मोडक्या अरबीत सांगितलं की चौदा वर्षं काम केलं, उद्या इंडिया, खलास, आणि आज पहिल्यांदा सायकलने समुद्राला. त्याने चष्मा काढला. गाडीत बसला, छपरावरचा दिवा लावला आणि हळूहळू नलिनीच्या मागे निघाला, म्हणजे दुसऱ्या गाड्या तिच्या अंगावर येणार नाहीत.

हे नलिनीला कसं कळावं? तिला वाटलं, तो दंड करायला आलाय. तिने मान खाली घातली आणि जीव तोडून पेडल मारायला सुरुवात केली. जितकी ती जोरात, तितका तो मागोमाग. निळा-लाल दिवा फिरवत ती मिरवणूक सरळ रस्त्याने समुद्राकडे चालली होती आणि मी रस्त्याच्या मधोमध पोट धरून उभी होते. दत्ताराम पिकअप थांबवून स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होता. त्याने मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. तो एक किलोमीटर मी चालले, आणि तो माझ्या शेजारून चालण्याच्या वेगाने गाडी चालवत आला.

किनाऱ्यावर ईदेची गर्दी होती. चटया, चहाच्या किटल्या, नव्या कपड्यांतली मुलं. पोलीस बॉनेटला टेकून उभा होता आणि कोणीतरी त्याच्या हातात खजुरांची बशी दिली होती. नलिनी कुठेच दिसेना. मी पोलिसाकडे पाहिलं. त्याने बशीनेच उजवीकडे खूण केली.

ओहोटी होती. पाणी मागे सरलेल्या जागी वाळू ओली आणि फरसबंदीसारखी कडक झाली होती. नलिनी तिथे सायकल चालवत होती. थांबलीच नव्हती. रस्ता संपला, वाळू लागली, तरी ती चालवतच राहिली होती, पाण्याच्या कडेकडेने, खाडीतल्या खारफुटीच्या दिशेने. लाट आली की चाकं अर्धी बुडत, पाणी दोन्हीकडे उडे, मग पुन्हा चाकं दिसत. दोन लहान मुली तिच्या मागून पळत होत्या. त्या दमून थांबल्या. ती गेली. लहान लहान होत गेली.

दत्ताराम माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“हाक मारू काय, ताई? परत जायला अडीच तास तरी लागतील.”

“नको,” मी म्हटलं. “अजून उजेड आहे.”